डोंगरावर लग्न करायचं तर

लग्न चारचौघांत व्हायला हवं ही आपली जुनी समजूत आहे आणि ती निराधार नाही. दोन माणसं एकमेकांना शब्द देतात, तो ऐकायला कुणीतरी असावं लागतं. पण चारचौघांचे चारशे आणि पुढे हजार झाले, तसा तो शब्द मागे पडला. बस्ता, मानपान, पंगत आणि त्यासाठी काढलेलं कर्ज पुढे आलं. साध्या लग्नाचा विचार आपल्याला परका नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, तोही भटजीशिवाय आणि मोजक्या खर्चात. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांत राज्य सरकारने लग्नाला २५ माणसं आणि २ तास एवढीच मुभा दिली होती. तेव्हा लागलेली लग्नं आज इतर कुठल्याही लग्नाइतकीच पक्की आहेत. म्हणूनच एखादं जोडपं हॉल न घेता दहाबारा जिवलगांसह डोंगरावर लग्न लावायचं म्हणतं, तेव्हा त्याला फॅड म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही.

मात्र माणसं कमी केली म्हणून जबाबदारी कमी होत नाही. मोठ्या लग्नात ती मामा, काका, गुरुजी, केटरर अशी वाटली जाते. डोंगरावरच्या लग्नात ती सगळी दोघांवर येते. अशा लग्नाचं मोल मला याच तयारीत दिसतं.

पहिली तयारी कायद्याची. ही पद्धत जिथून पसरली त्या अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात, वधूवरांना आपलं लग्न आपणच लावता येतं. साक्षीदारही लागत नाही. त्यामुळे दोघंच शिखरावर जाऊन विवाहित होऊन उतरू शकतात. आपल्याकडे ते चालत नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस जिथे राहिला आहे त्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मग अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर लग्न होतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत ते झालं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागी लग्न लावायची सोय कायद्यात आहे, पण अधिकाऱ्याला गडावर नेण्यापेक्षा सह्या कार्यालयात आणि सोहळा डोंगरावर, ही वाट सरळ आहे.

हिंदू विवाह कायद्याने लग्न करणाऱ्यांचं गणित उलटं आहे. तिथे रूढीप्रमाणे विधी होणं हेच लग्न; नोंदणी हा त्याचा पुरावा. विधी न करता केवळ प्रमाणपत्र मिळवलं तर ते लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे त्यांना ती अग्नीसमोर खरोखरच चालावी लागते. आणि डोंगरावरची खरी अडचण इथेच सुरू होते.

सह्याद्रीच्या कड्यांवर आणि गुहांमध्ये आग्या मोहोळं असतात. धूर आणि उग्र वास यांनी त्या माश्या चवताळतात. लग्नात तर होम, अगरबत्ती आणि अत्तर तिन्ही असतात. माश्या अंगावर आल्या की माणूस वाट फुटेल तिकडे धावतो, आणि कड्याजवळ धावणं जिवावर बेततं. त्यात फाल्गुन लागला की गवत वाळून काडी होतं. होमातली एक ठिणगी अख्ख्या डोंगराला वणवा लावू शकते. मुहूर्तांचं पंचांग आणि डोंगराचं पंचांग जुळत नाही, ते असं. सह्याद्री सर्वांत देखणा असतो तेव्हा चातुर्मास असतो आणि कातळ निसरडे असतात. लग्नसराई ऐन भरात येते, तेव्हा गडावरची टाकी आटलेली असतात. तुळशीच्या लग्नानंतरचा मार्गशीर्ष त्यातल्या त्यात दोन्हींना मानवतो.

जागा निवडताना तर जास्तच विवेक हवा. केंद्राच्या संरक्षित स्मारकात लेखी परवानगीशिवाय समारंभ करायला नियमांनी मनाई आहे. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. २०१९ मध्ये राज्यातले काही किल्ले हॉटेल आणि समारंभांसाठी भाड्याने देण्याचा विषय निघाला, तेव्हा महाराष्ट्र केवढा खवळला होता ते आठवावं. जी अपेक्षा आपण सरकारकडून ठेवतो ती स्वतःकडूनही ठेवायला हवी. राजमाची किल्ल्याचंच उदाहरण घ्या. त्याच्या श्रीवर्धन किंवा मनरंजन बालेकिल्ल्याच्या माथ्यावर होम पेटवण्यापेक्षा पायथ्याच्या उधेवाडीत, एखाद्या घराच्या सारवलेल्या अंगणात लग्न लावावं. तिथे पाणी आहे, अग्नीवर लक्ष ठेवायला जाणती माणसं आहेत, जेवायला पिठलंभाकरी आहे आणि दोन पैसे गावात राहतात. मग सकाळी दोघांनी गड चढावा, वारा अंगावर घ्यावा आणि हवी ती वचनं तिथे द्यावीत.

बाकीची तयारी बारीकसारीक आहे, पण लग्न निभावतं ते तिच्यावरच. शालू सॅकमध्ये, पायात बूट. अंतरपाटाच्या खालच्या कडेला काठी शिवून घ्यायची, नाहीतर पठारावरच्या वाऱ्यात मंगलाष्टकं संपेपर्यंत तो धरवत नाही. अक्षता जमिनीवर न सांडता अंथरलेल्या चादरीवर पडाव्यात आणि चादरीसकट खाली याव्यात. माणशी तीन-चार लिटर पाणी, विजेऱ्या, प्रथमोपचाराची पेटी आणि परत फिरायची ठरलेली वेळ हवी, कारण मार्गशीर्षात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कोण कुठे गेलं आहे याची यादी खाली कुणाकडे तरी असावी. अपघात झाला तर धावून येणारी माणसं, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, आपली कामं टाकून येतात. आपल्या हौसेपायी त्यांना रात्री दरीत उतरावं लागू नये.

डोंगरावर जाणारं प्रत्येक लग्न आपोआप साधं होतं असंही नाही. जून २०१९ मध्ये उत्तराखंडातल्या औली इथे एका धनाढ्य कुटुंबातली लग्नं झाली. मागे शेकडो क्विंटल कचरा उरला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. हॉलमधला बडेजाव वर उचलून नेला की त्याचा भार गवताला, झऱ्यांना आणि तिथल्या माणसांना वाहावा लागतो.

एक गोष्ट काळजीपोटी सांगायला हवी. काहींना डोंगर आवडतो म्हणून ते तिथे जातात. काहींना जातीमुळे किंवा धर्मामुळे घरचे जगू देणार नाहीत या भीतीने आडबाजू गाठावीशी वाटते. या दुसऱ्या जोडप्यांनी निर्जन जागी जाऊ नये. त्यांना सोहळ्याआधी संरक्षण हवं. सज्ञान व्यक्तीला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे, त्यासाठी घराची वा जातपंचायतीची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या शक्ती वाहिनी निकालात सांगितलं. धोक्यातल्या जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा देण्याचे आदेशही दिले. आधी वकील, पोलीस आणि विश्वासू साक्षीदार, मग डोंगर.

संसारात दोघांना मिळून जे करावं लागतं ते सगळं या तयारीत येतं: पैशाचा हिशोब, कायद्याची कागदपत्रं, आजीला चढवणार नाही म्हणून जागा बदलणं, हवामान बिघडलं तर हट्ट सोडून परत फिरणं, आपल्या आनंदाची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागणार नाही हे पाहणं. ज्या दोघांनी हे महिनाभर एकत्र बसून केलं, त्यांनी माणसं किती बोलावली हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या लग्नाला घरच्यांनी आणि नातेवाइकांनी मोकळ्या मनाने मान द्यावा, आणि घरातल्या पुढच्या लग्नाची यादी करायला बसताना त्यांच्याकडून काही शिकावं.