उत्तर कोणी द्यायचं?

अकोल्याच्या जठारपेठेतलं एक सभागृह, मे महिना, कूलरची घरघर. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या नातेवाइकांची बैठक होती. खुर्च्या गोल मांडलेल्या, पण सगळ्यांचे डोळे एकाच खुर्चीवर. गट चालवणारा जाणकार होता. मेंदूतली रसायनं, गोळ्यांचे परिणाम, सगळं सोपं करून सांगत होता. पाऊण तास कोणी चकार शब्द काढला नाही. मग एका बाईंनी विचारलं, "गोळी किती दिवस द्या लागते?"

त्याच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "कोणाला अनुभव आहे?"

"माह्या पोरानं बरं वाटलं तं गोळी सोडली," कोपऱ्यातून एका बाईंचा आवाज आला. "दोन महिन्यात पुन्हा भिंतीसंग बोलाले लागला. आता मी रातच्या ताटासंगच देतो."

माना पहिल्यांदाच तिकडे वळल्या. तेच डॉक्टरांनी सांगितलं असतं तर तो सल्ला ठरला असता. इथे ती शेजारणीची गोष्ट झाली.

वऱ्हाडाला ही रीत नवी नाही. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न टाकायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून वदवायचे. काही वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मानसिक आरोग्याच्या 'विश्राम' उपक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लहान लहान बैठका घेतल्या. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. श्रेय एकट्या बैठकांचं नाही, समुपदेशक आणि डॉक्टरही जोडीला होते. पण दार ठोठावायला माणूस आपला लागतो, एवढं मला त्यातून पटलं.

तरी नुसतं गप्प बसणं म्हणजे गट चालवणं, असं कोणी समजू नये. गाडगेबाबांना आपला प्रश्न कुठे नेऊन सोडायचा ते पक्कं ठाऊक असे. गोळी ताटासोबत द्यावी की चहासोबत, हे घरोघरी बदलेल. तो प्रश्न गटाचा. आजाराबद्दलची खरी माहिती मात्र हात वर करून ठरत नाही.

त्याच बैठकीत एक काका म्हणाले, "लगन करून द्या, सुधरते." गटप्रमुखाने पुन्हा गोलाकडे पाहिलं. मघाशी जमलं होतं ना! दोघांनी माना डोलावल्या, बाकीचे गप्प. विषय पुढे सरकला.

बैठक सुटली. चपला शोधता शोधता एक बाप हळूच त्याच्याजवळ आला. "मंग सर, पोरगी पाहू का?"