पडत्या काळांतील स्वस्ताई

व्यापाराला उतरती कळा लागली कीं धंदा काढूं पाहणाऱ्या तरुणास एक सल्ला हटकून मिळतो: हीच वेळ साधावी, गाळा कमी भाड्यानें मिळतो, यंत्रें निम्म्या किंमतीस मिळतात, आणि माणसें तर सांगाल त्या पगारावर येतात. हा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीनें खोटा नाहीं. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत, १९३१ सालीं, दांडेकर बंधूंनीं मुंबईस शाईची पूड व वड्या करण्याचा लहानसा उद्योग सुरू केला आणि त्यांतूनच पुढें ‘कॅम्लिन’ हें नांव घरोघर पोंचलें. तेव्हां पडत्या काळांत पाऊल टाकणें हा अविचारच होय, असें म्हणतां येणार नाहीं.

खटकतो तो सल्ल्याचा शेवटला भाग. गाळा, यंत्र आणि माणूस हीं तिन्ही एकाच ‘स्वस्त’ या विशेषणाखालीं बसविलीं जातात. परंतु यंत्र गिऱ्हाइकाची वाट पाहत वर्षभर पडून राहूं शकतें; पोटाला तें साधत नाहीं. त्याच मंदींत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले, सारा व व्याज यांचा तगादा मात्र चालूच राहिला. १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सुवर्णपरिमाण सोडलें, सोन्याचा भाव चढला, आणि कुणब्यांच्या घरचे दागिने बाजारांत येऊन तें सोनें परदेशीं वाहूं लागलें. भाव चढा असूनही त्या विक्रीस नफा म्हणणें कठीण आहे. व्यापारी भाव पाहून विकतो. कुणबी हप्ता पाहून विकत होता. सौदा दोघांच्या संमतीनें झाला एवढ्यानें तो न्यायाचा ठरत नाहीं. थांबण्याची शक्ति दोघांस सारखी होती काय, हेंही पाहावें लागतें. अडलेल्या हरीची संमति किती मोलाची, हें आपल्या जुन्या म्हणीनें सांगूनच ठेविलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, नव्या दुकानदाराची स्वतःचीच ओढाताण चाललेली असते. त्यानें उदारपणें पगार दिला तर दुकान बुडेल आणि नोकराची आहे ती भाकरीही जाईल. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. गल्ल्यांत नाहीं तें कोणी देऊं शकत नाहीं, आणि बुडालेल्या दुकानानें कोणाचेंच भलें होत नाहीं. म्हणून कमी पगार देणें हाच अन्याय, असें मी म्हणत नाहीं. पण त्या कमी पगाराचें स्वरूप काय, हें मालकानें ओळखलें पाहिजे. बरे दिवस असते तर जें त्या माणसाला मिळालें असतें आणि आज जें मिळतें, त्यांतील अंतर त्यानें धंद्याला उसनें दिलेलें असतें. बँकेचें कर्ज वहींत लिहिलें जातें. हें कर्ज कोठेंच लिहिलें जात नाहीं, आणि म्हणूनच तें विसरणें फार सोपें असतें.

मुंबईच्या गिरणगांवांतील खानावळवाल्या बायांचा व्यवहार या बाबतींत बोधप्रद आहे. महिन्याच्या उधारीवर त्या कामगारांस जेवूं घालीत. संपांत पगार थांबे, पण जेवणारा तोच असे. चूल पेटती ठेवण्यासाठीं त्यांना सावकाराचें भारी व्याज सोसावें लागे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. येथेंही कसोटी काळाचीच होती. फरक एवढाच कीं, जेवणाराच्या नांवावर उधारी मांडलेली असे. आपण देणें लागतों हें तो जाणत असे.

तशीच एक ओळ मालकाच्या मनांत तरी मांडलेली असावी. २०२० च्या टाळेबंदींत अनेक ठिकाणीं पगार कापले गेले. कापणाऱ्या प्रत्येकास दोषी धरणें अन्यायाचें होईल. परंतु पगार कापतांना मालकानें स्वतःचा घास किती कमी केला, हिशेब नोकरांपुढें उघडा ठेवला कीं नाहीं, आणि दिवस पालटल्यावर वाढीव मिळकतींतील पहिला रुपया नव्या फर्निचराकडे गेला कीं त्या जुन्या देण्याकडे, हे तीन प्रश्न त्याला विचारण्याचा अधिकार समाजाला आहे. मंदींत धंदा तगला याचें श्रेय मालकाच्या धाडसाला अवश्य द्यावें. मात्र त्या धाडसाच्या भांडवलांत दुसऱ्याच्या अर्ध्या पगाराचा वाटा किती होता, तेंही त्याच हिशेबांत दाखविलें जावें.