नियम आपला, भार कुणाचा?

॥ ॐ नमः शिवाय ॥



आपल्या हुबळी-धारवाडात माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का? नोकरी, लग्न, घरदार, सगळं त्यानंतर. पण अलीकडे आम्हा मित्रमैत्रिणींत हाच साधा प्रश्न अवघड होऊन बसलाय. आम्ही सहा जण. लहानपणी आईवडिलांचं बोट धरून मठात यायचो. आता एक बेंगळूरला, एक पुण्यात, एक बेळगावात सासरी आणि तिघं इथंच. महिन्यातून एकदा सगळे फोनवर एकत्र बोलतो. पूर्वी बढती, बदली, बाळ अशा बातम्या असायच्या. आता त्या पाच मिनिटांत उरकतात आणि तासभर कोण काय खातो आणि कोणी काय सोडलं यावर गप्पा होतात.

बेंगळूरच्या मित्राची रात्रपाळी. वय तिशीच्या आत, आणि रक्त तपासलं तर डॉक्टर म्हणाले, साखरेच्या उंबरठ्यावर आहात. पुण्याची मैत्रीण दिवस मावळल्यावर जेवत नाही. बेळगावच्या मैत्रिणीने दूध-तूप सोडलं, कारण गोठ्यातल्या वासरांचं काय होतं ते तिने डोळ्यांनी बघितलं. इथल्या एकाने मटण सोडलं, आणि त्याचं घर शेतकरी मराठ्याचं. दुर्गदबैलात दुकान सांभाळणारा भात बंद करून ज्वारीच्या भाकरीवर आलाय. सहाव्याने काहीच सोडलेलं नाही, आणि जेवणाचं बोलावणं हल्ली त्याच्या एकट्यालाच येतं!

थट्टा सोडा. खाण्याचा पुन्हा विचार करणं गरजेचंच आहे. आयसीएमआरच्या मदतीने देशभर झालेल्या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा त्यांचा अंदाज. म्हणजे प्रत्येक घरात नाही, तर निदान शेजारच्या घरात. तेव्हा कुणी साखर सोडली, कुणी रात्रीचं जेवण सोडलं, तर त्याला 'आजकालच्या पोरांचे नखरे' म्हणून हसू नये. शिवाय नियम घेणं आपल्या परंपरेतलंच आहे. एकादशी, सोमवार, चातुर्मास, हे सगळे खाण्याचेच नियम.

आम्ही अडलो ते दुसऱ्याच ठिकाणी. नियम जिभेला लागतो हे खरं, पण तो पाळायला हात कुणाचे लागतात?

दुकानवाल्या मित्राचं सांगतो. त्याने आणि त्याच्या आईने, दोघांनी लिहायला परवानगी दिलीय. गेल्या दोन पिढ्यांत आपल्या भागातल्या ताटात भाकरी मागे सरली आणि भात पुढे आला. रेशनचा तांदूळ, कुकर, सकाळची घाई, कारणं सगळ्यांना माहीत आहेत. मग २०२३ हे संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, जिकडे तिकडे ज्वारी-बाजरी-राळ्याची चर्चा झाली, आणि आमच्या मित्राने ठरवलं, आजपासून भात नाही, दोन्ही वेळा भाकरी. त्याचं पाहून वडिलांनी तेच धरलं, धाकट्यानेही.

आता भाकरी म्हणजे काय काम आहे ते करणाऱ्यालाच ठाऊक. गव्हात असतं ते ग्लूटेन ज्वारीत नसतं, त्यामुळे पीठ आपोआप धरून राहत नाही. त्यात कढत पाणी घालायचं, चटके सोसत मळायचं, तळहाताच्या बुडाने रगडायचं, मग एकेक गोळा थापायचा, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, विस्तवावर फुगवायची. पीठ जुनं झालं, विरी गेली, की थापताना कडा चिरतात. म्हणून दळण थोडं आणि वारंवार. चार माणसांच्या घरात दोन वेळच्या पंधरा-सोळा भाकऱ्या होतात. त्यामानाने भात म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्या. तीन महिन्यांनी मित्राची तपासणी झाली, आकडे छान आले, घरात आनंद. तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तुझी साखर उतरली, माझा खांदा भरून आला."

हे वाक्य त्याने आम्हाला फोनवर सांगितलं आणि सगळे गप्प झाले. कारण प्रत्येकाच्या घरात त्याचा एक भाऊ आहे. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या मैत्रिणीसाठी सासूबाई पाच वाजताच गॅसपाशी उभ्या राहतात आणि बाकीच्यांसाठी पुन्हा नऊला. रात्रपाळीवाला इथं सुट्टीला आला की वहिनी त्याच्यापुरती बिनसाखरेची, बिनबटाट्याची वेगळी भाजी टाकते. बोलत कुणीच नाही. आपल्या घरातल्या बायका अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत, हाच तर घोटाळा आहे.

गांधीजींच्या आत्मकथेत याच्यासारखाच एक प्रसंग आहे. पुढे १९२४ साली बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले तेच गांधीजी, पण ही गोष्ट १९१५ ची. दक्षिण आफ्रिकेतून परत आलेले, त्या काळी फळं आणि सुका मेवा यांवरच राहत. कलकत्त्याला भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी उतरले. पाहुणा फलाहारी म्हटल्यावर यजमानांनी मिळतील ती सगळी फळं, सगळा मेवा मागवला, आणि घरच्या बायका रात्रभर जागून तो मेवा सोलत बसल्या. पाहुण्याचा आहार साधा, आणि त्या साधेपणापायी अख्ख्या घराची झोप गेली! त्यानंतर हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं, की दिवसभरात पाचच पदार्थ, आणि अंधार पडल्यावर काही नाही. कुंभात पाहिलेल्या अधर्माचं प्रायश्चित्त हा त्यामागे एक विचार होता, पण यजमानांवर पडणारा भार हेही कारण त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. आम्हाला ते फार मोलाचं वाटतं. नियमाला आणखी एक नियम लावला, तो दुसऱ्याचे कष्ट कमी व्हावेत म्हणून.

आमच्या घरातली वडीलधारी मंडळी यावर म्हणतात, "म्हणून तर सांगतो, ताटात येईल तो प्रसाद. नियमबियम नकोच." हे आम्हाला अर्धंच पटतं. ज्याची साखर वाढलीय त्याने चौथा पेढा प्रसाद म्हणून खायचा का? धारवाडात पेढ्याला नको म्हणणं किती कठीण आहे ते इथल्यांना सांगायला नको. 'घ्या हो', 'एकाने काय होतं', 'आमच्या घरचं चालत नाही वाटतं'. प्रेमाने होतो हा आग्रह, कबूल. पण तिसऱ्यांदा केलेल्या आग्रहात समोरच्या माणसापेक्षा आपलं यजमानपण मोठं झालेलं असतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. जेवणाऱ्याने भार टाकू नये, तसा वाढणाऱ्यानेही टाकू नये.

यावर काही सांगायचंच असेल तर ते आपल्या पंक्तीकडे बघून सांगावं. सद्गुरू सिद्धारूढ १८७७ साली हुबळीला आले, १९२९ साली समाधिस्थ झाले. जातपात न बघता त्यांनी सगळ्यांना एकच पंचाक्षरी मंत्र दिला, आणि मठातला अन्नदासोह आजही चालू आहे. दासोह हा शब्द बसवण्णांच्या शरण परंपरेतला, बाराव्या शतकातला. कायक म्हणजे आपल्या कष्टाचं काम, आणि त्यातून आलेलं नम्रपणे दुसऱ्यापुढे ठेवणं म्हणजे दासोह. शब्दातच दासभाव आहे. वाढणारा दास म्हटल्यावर जेवणारा मालक होतो का? नाही. पंक्तीत बसलेला माणूस गिऱ्हाईक नसतो. तिथं कुणासाठी वेगळी भाजी होत नाही, आणि कुणी मुद्दाम जास्तही वाढत नाही. हात आडवा केला की वाढपी पुढे जातो, रागावत नाही. साखरेवाल्या मित्राने हेच धरलंय. गोड आलं तर कणभर घेतो, कपाळाला लावून तोंडात टाकतो, आणि उरलेल्याला हात आडवा. प्रसाद कणाने मोजला तरी प्रसादच. त्याच्या नियमाचा वाढप्याला काही त्रास नाही, आणि पानात टाकलेलंही काही नाही.

तुपावरून मात्र आमच्यात अजून वाद आहे. बेळगावची मैत्रीण म्हणते, कणभर घेतलं तरी ते वासराच्या तोंडचंच. तिचं म्हणणं चुकीचं आहे असं आम्हाला सिद्ध करता आलेलं नाही. ती पंक्तीत अन्न-सांबार घेते आणि शिरा पुढे जाऊ देते. काही काकूंना ते आवडत नाही. आम्हाला वाटतं, तिला तसं करू द्यावं, कारण तिने कुणाला वेगळं करायला लावलेलं नाही.

सगळ्यात जड गेली ती मटण सोडणाऱ्याची गोष्ट. खांडेनवमीला त्यांच्या घरी मटणाचं जेवण असतं, सगळं भाऊबंद येतात. नियम घेतल्यावर पहिल्या वर्षी तो पंक्तीतून उठला आणि आतल्या खोलीत एकटा जेवला. त्याची अज्जी ऐंशीच्या पुढची. तिने त्याला लहानपणी भरवलेलं. ती ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली आणि संध्याकाळी त्याला म्हणाली, "मी बाटले का रे तुला?"

प्राण्याच्या दयेपोटी मांस सोडणं मोठीच गोष्ट आहे, त्यात आम्हाला शंका नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहार सांगितलाय, तोही आम्ही वाचला. गंमत म्हणजे तिथं पदार्थांची नावं नाहीत, गुण आहेत. फार तिखट, फार खारट, फार कढत ते राजस. या हिशेबाने ब्याडगी मिरचीच्या चटणीवर वाढलेले आपण सगळेच राजस निघू! तेव्हा ती यादी दुसऱ्याचं ताट तपासायला वापरणं धोक्याचं. छांदोग्य उपनिषदात आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होतं, असं सांगितलंय. रामानुजाचार्यांनी तिथं आहार म्हणजे अन्न असाच अर्थ घेतला. शंकराचार्यांनी अर्थ रुंद केला. इंद्रियांवाटे जे जे आत घेतलं जातं, ते सगळं आहार. सद्गुरू अद्वैत शिकवायचे, म्हणून आम्हाला हा दुसरा अर्थ जवळचा. तो घेतला तर त्या दिवशी आतल्या खोलीत मित्राच्या ताटात भाजी-भाकरी शुद्धच होती, पण पंक्तीकडे पाठ करताना मनात जे शिरलं ते कसं होतं? त्याचं उत्तर त्यानेच शोधलं. पुढच्या वर्षी तो अज्जीच्या शेजारी बसला, डब्यातून आणलेली भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, आणि पंगत उठल्यावर अज्जीचं ताटही त्यानेच उचललं. उष्टं, मटणाचं.

पुण्याची मैत्रीण म्हणते, वासानेच ज्याला मळमळतं त्याने काय करायचं? बरोबर आहे, त्याने थोडं लांब बसावं, पण आधी सांगून बसावं. बेळगावची म्हणते, शेजारी बसणं म्हणजे मान्यता देणं. आम्ही बाकीचे म्हणतो, शेजारी बसणं म्हणजे शेजारी बसणं. यावर तीन महिने चाललंय आणि एकमत झालेलं नाही. आपापल्या घरातल्या गटात ही चर्चा झाली तर काय निघालं ते जरूर कळवा. विशेषतः अज्जींचं मत विचारा, ते सहसा कुणी विचारत नाही.

दुकानवाला मित्र आता आठवड्यातले चार दिवस स्वतः भाकरी थापतो. सुरुवातीच्या भाकऱ्या म्हणजे नकाशेच होते. उरलेले तीन दिवस गल्लीतल्या एका बाईंकडून कडक रोट्टी विकत येते, त्यांनाही चार पैसे मिळतात. आईच्या खांद्याला तेल लावायचं कामही त्याचंच. पुण्याच्या मैत्रिणीच्या घरी संध्याकाळचा पहिला स्वयंपाक आता तिचा नवरा करून ठेवतो, पोहे नाहीतर उपमा, पण करतो.

येत्या रविवारी सकाळी नऊला नवनगरला, नेहमीच्या घरी, हा मित्र भाकरी शिकवणार आहे. मुलांनी आणि काका मंडळींनी यावं. मुलींना येतेच असं धरून चालू नये, त्यांनीही यावं. ज्वारी आदल्या दिवशी दळून आणा, प्रत्येकी पावकिलो पुरे. तवे आमच्याकडे चार आहेत. आणखी दोन लागतील, कुणाकडे असतील तर गटात लिहा.