सोन्याचा रंग सोन्यात असतो का?

इंदूरच्या सराफ्यातले सोने पिवळे असते. त्याच सोन्याचे सुमारे 20 नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत राहिले, की पाणी लालबुंद दिसते; त्यात मीठ पडले, की कण एकमेकांना बिलगतात आणि लालीवर निळी-जांभळी झाक येते. रंगद्रव्याचा एक थेंबही त्यात नसतो. मायकेल फॅरडेने 1857 मध्ये हे नोंदवले, गुस्ताव मी यांनी 1908 मध्ये त्याचे गणित मांडले.

धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राने कणाच्या एका बाजूला ढकलले जातात. मागे उरलेला धनभार त्यांना परत खेचतो आणि सगळा इलेक्ट्रॉन-समूह झोके घेऊ लागतो. प्रकाशाची वारंवारता या झोक्याशी जुळली की प्लाझ्मॉन अनुनाद घडतो. सोन्याच्या गोल कणांत तो 520 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात येतो. हिरवा शोषला जातो, लाल पार होतो. गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघही बहुधा याच कणांची असते. कण लांबट केला किंवा भोवतालचा अपवर्तनांक वाढवला, तर अनुनाद लालाकडे सरकतो. सिलिकावर सोन्याचा पातळ थर चढवून तो अवरक्तापर्यंतही नेता येतो. अशा नॅनोकवचांवर इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात काम झाले आहे.

वैशेषिक दर्शनाने रूप, म्हणजे रंग, हा द्रव्याचा गुण मानला, आणि अवयवांचे रूप अवयवीत उतरते असे सांगितले: धागे पांढरे, म्हणून वस्त्र पांढरे. सोन्याबाबत मात्र त्यांनाही अडचण आली. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात सोने तैजस, म्हणजे तेजाच्या (अग्नीच्या) वर्गातले, आहे; कितीही तापवले तरी त्याचे द्रवत्व टिकते, हा त्यासाठीचा युक्तिवाद. पण तेजाचे रूप पिवळे नव्हे, चमकदार पांढरे मानलेले; मग पिवळेपणा त्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा ठरवावा लागला. ही पळवाट वाटते खरी, पण दिसणारा रंग सोन्याचा स्वतःचा नसेल ही शंका त्यांनी घेतली, हे लक्षणीय आहे.

वेदान्ती जास्वंदीशेजारच्या स्फटिकाचा दाखला देतील: लाली फुलाची, स्फटिकात ती केवळ भासते. तो इथे लागू पडत नाही. सोन्याचा कण हिरवा प्रकाश खरोखर शोषतो आणि त्याने तापतोही. भासाने काही तापत नाही. दुसरीकडे, सोन्याच्या सुट्या अणूला पिवळेपणा नाही, म्हणून धागा-वस्त्राचा नियमही मोडतो. रंग खरा आहे, पण एकट्या सोन्याचा नाही: आकार, आकारमान, भोवतालचे माध्यम आणि पडणारा प्रकाश या सर्वांच्या संबंधातून तो ठरतो. या प्रश्नावर वैशेषिकांचे उत्तर अपुरे आहे, वेदान्त्यांचा दाखला गैरलागू.