दाराशी आलेली झड

रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. नैर्ऋत्येचा वारा त्याला सरळ पडू देत नाही, आडवा झोडपत आणतो. अशी झड लागली असताना पश्चिमेच्या दाराशी, आतल्या अंगाला, पाट घेऊन बसा. उंबरठ्याशी टाकलेलं गोणपाट उचला. लादी कोरडी पुसा. आता काही करू नका.

पहिला थेंब कुठे दिसतो, ते पाहा. दिसला तिथूनच तो आला, असं धरू नका. वरच्या सांध्यातून शिरलेलं पाणी चौकटीच्या कडेने उतरून उंबरठ्यावर येतं. फट बारीक असेल तर ते तिच्यात वरही चढतं. बिजागरीच्या बाजूने सावकाश बोट फिरवा, मग कडीच्या बाजूने. गार कुठे लागतं?

आता वारा ऐका. झोतासरशी पाणी वाढतं का? मागची खिडकी उघडी असेल, तर घरातली हवा तिकडून ओढली जाते आणि समोरच्या फटीतून वारा पाण्यासकट आत घुसतो. ती खिडकी लावून या. पुन्हा बसा.

सिलिकॉनची नळी आणून आतली फट बुजवावी, असं मनात येईल. येऊ द्या, पण उठू नका. आतून बुजवलेलं पाणी दिसेनासं होतं, आणि लाकडात मुरत राहतं. चौकटीचे पाय कुजतात ते असेच. पाण्याला बाहेरच अडवायचं असतं, आणि चुकून आत आलंच तर परतीची वाट मोकळी ठेवायची असते.

दार घासतंय, म्हणून रंधा मारावासा वाटेल. तेही नको. ओलीने लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. आज तासलेलं दार हिवाळ्यात आक्रसेल आणि पुढच्या ज्येष्ठात फट आणखी मोठी असेल. चार महिने घासू दे त्याला.

उघडीप मिळाली की बाहेर या. उंबरठ्यावर तांब्याभर पाणी ओता. ते अंगणाकडे वळतं की घराकडे? छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेलगत, पाणी तोडणारी खाच आहे का? नसेल तर थेंब छज्ज्याला खालून चिकटून भिंतीपर्यंत येतो. मग दाराच्या तळाशी आरसा धरा. समोरून, मागून रंग असतो; तळाची कड बहुधा कोरीच. उभ्या फळ्यांची टोकं तिथे उघडी असतात, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते टोकांतूनच. या कडेवर जरा वेळ थांबा. दुखणं पुष्कळदा इथंच असतं.

जुन्या घरांत पावसाआधी पडवीला माडाचे झाप बांधत. झड दारापर्यंत पोचतच नसे. यंदापुरती ताडपत्री बांधा. दिवाळीनंतर लाकूड सुकलं, की सुताराकडून दार उतरवून घ्या, तळाच्या कडेला जवसाचं तेल जिरवा, आणि बाहेरून खाली एक उतरती पट्टी ठोका, थेंब उंबरठ्यापलीकडे पडेल अशी.