शब्द यिर्मयाचे, निरोप हनन्याचा

आजचे वाचन: यिर्मया २९:१-१४



यिर्मया २९:११ आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. देवाच्या मनात आपल्या हिताच्याच योजना आहेत, असं सांगणारं वचन. वाढदिवस, इंटरव्ह्यू, ऑपरेशन, काहीही असो, सूर्योदयाच्या फोटोवर टाकून आपण ते फॉरवर्ड करतो.

मीही केलं. मंडळीतल्या एका मित्राचे वडील आयसीयूमध्ये होते. मी वचन पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘काळजी करू नकोस, बाबा बरे होणार.’ चौथ्या दिवशी बाबा गेले. महिन्याभराने तो मला म्हणाला, “तू पाठवलेलं वचन अजून फोनमध्ये आहे रे. ते खोटं ठरलं, की माझा विश्वास कमी पडला?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. ऑफिसात एरर आली तर लॉगची एकच ओळ बघून मी कधी निष्कर्ष काढत नाही, आधीच्या-नंतरच्या ओळी बघतो. देवाच्या वचनाला मात्र मी तेवढाही वेळ दिला नव्हता.

हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया लिहितो आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. ऐकायला किती गोड! पण देवाने त्याला पाठवलंच नव्हतं. देवाचा खरा निरोप असा होता: तिथे घरं बांधा, बागा लावा, संसार करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. हे दहाव्या वचनात आहे, आणि आपलं लाडकं अकरावं वचन लगेच त्यानंतर येतं.

म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण बाबेलातच डोळे मिटणार होते. तरीही अभिवचन खोटं नव्हतं, कारण ते एकट्यादुकट्याला दिलेलं नव्हतं. आपल्या मराठी बायबलमध्ये देव एका माणसाशी ‘तू’ म्हणून बोलतो. इथे ‘तुम्ही’ आहे. ते आदरार्थी नाही, अनेकवचन आहे. सगळ्या प्रजेला सांगितलेली गोष्ट मी एका खाटेपुरती करून टाकली होती.

आणि मग मला जाणवलं की त्या दिवशी मी शब्द यिर्मयाचे वापरले, पण निरोप हनन्याचा दिला. ‘बाबा बरे होणार’ हे देव बोलला नव्हता, मी बोललो होतो.

मग हे वचन आपल्यासाठी नाही का? आहे. पण ते कोणाला, कधी, कशासाठी दिलं हे आधी विचारायचं, मग ते आपल्याला काय सांगतं ते पाहायचं. स्तोत्र ९१ तर सैतानानेही प्रभू येशूपुढे म्हणून दाखवलं होतं, आणि प्रभूने त्याला शास्त्रानेच उत्तर दिलं. म्हणून एका वचनाचा अर्थ बाकीच्या शास्त्राशी ताडून बघायचा. हा विद्वत्तेचा प्रश्न नाही, प्रीतीचा आहे. चुकीचा अर्थ मी लावला, पण त्याचं ओझं मित्राने वाहिलं.

मी त्याच्याकडे गेलो आणि माफी मागितली. म्हणालो, “वचन खोटं नव्हतं, तुझा विश्वासही कमी नव्हता. चूक माझी होती.” मग आम्ही बारावं-तेरावं वचन वाचलं. बाबेलात बसून हाक मारली तरी देव ऐकतो, मनापासून शोधलं तर सापडतो. तो बराच वेळ रडला. या वेळी मी काहीच समजावलं नाही.

आज कोणाला वचन पाठवणार असाल, तर आधी पूर्ण अध्याय वाचा. पाच मिनिटं लागतील.

प्रार्थना: हे प्रभू, जे तू बोलला नाहीस ते तुझ्या नावाने बोलण्यापासून माझं तोंड राख. आमेन.