जिजाईची बाजू

दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात आजही चकित करते. १९१९ सालचा हा मूकपट. कृष्णाचं काम फाळक्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने केलं आहे आणि पडद्यावर आधी दिसते ती मंदाकिनीच, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवणारी पोर. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो आणि यमुनेत उडी घेतो. आपला देव कसा घडवला आहे, हे फाळक्यांनी आधीच उघड करून टाकलं होतं. त्यांच्या चित्रपटांत राम-कृष्ण पडद्यावर आले की प्रेक्षक हात जोडत, हे त्या काळाबद्दल पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. फाळक्यांना चित्रपट काढायची ओढ लागली तीसुद्धा मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तचरित्राच्या मूकपटामुळे. म्हणजे आपल्याकडे चित्रपट आणि देव यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे, आणि त्या नात्यातली अडचणही तितकीच जुनी. कॅमेऱ्याला वाटेल ते दाखवता येतं. पाण्यावर चालणारा माणूस, आकाशातून उतरणारं विमान, मेलेल्याचं उठून बसणं, हे सगळं पडद्यावर इतकं सोपं आहे की त्याने काहीच सिद्ध होत नाही. जिथे प्रत्येक चमत्कार हातातला खेळ आहे, तिथे श्रद्धेबद्दल खरं असं काही सांगता येतं का? मला वाटतं, येतं. मात्र ते सांगणं देव कसा दाखवला यावर अवलंबून नसतं. न मानणाऱ्या माणसाला त्या गोष्टीत किती जागा दिली, त्याचा प्रश्न किती मनापासून ऐकला, यावरून धार्मिक चित्रपटाची पारख करावी, असं माझं मत आहे.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ याचा सगळ्यात बळकट पुरावा आहे. दामले आणि फत्तेलाल यांनी तो १९३६ मध्ये केला, मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाबद्दल आजवर भरभरून लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण चित्रपट उभा आहे तो गौरीबाईंच्या जिजाईवर. ती शेण थापते, म्हशीची उस्तवार करते, पोरांच्या तोंडात घास जाईल की नाही याची काळजी वाहते आणि नवऱ्याला वेड लावणाऱ्या त्या विठोबाला तोंडभर शिव्या घालते. पोरगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला घेऊन देवळात शिरते आणि हातात जोडा घेऊन देवाला जाब विचारते. हा प्रसंग दिग्दर्शकांनी हसण्यावारी नेलेला नाही. तिचा संताप खरा आहे, कारण पोराचा ताप खरा आहे आणि घरातलं रिकामं भांडंही. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो, दागिने अंगावर घालून ती आणि मुलं हरखून जातात आणि तुकोबा तो सगळा परत पाठवतात. त्या क्षणी प्रेक्षकाला तुकोबांचं वैराग्य पटतं आणि जिजाईचा हिरमोडही पटतो. दोन्ही एकाच वेळी पटणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. जिजाई नास्तिक नाही, तिची तिची देवी आहेच. पण तुकोबांच्या विठोबाशी तिचं भांडण आहे आणि त्या भांडणात तिला पूर्ण बोलू दिलं आहे. म्हणूनच शेवटी गरुडाचं विमान उतरतं, तेव्हा त्यातली यंत्रकरामत डोळ्यांना कळूनसुद्धा मन तिच्यावर अडत नाही. वैकुंठाची वाट दाखवणारा नवरा आणि स्वयंपाक टाकून कशी येऊ म्हणणारी बायको, यांच्यातली ओढाताण आपण दोन तास पाहिलेली असते. त्या वियोगाला आधीच वजन आलेलं असतं.

दामले-फत्तेलालांच्या जोडीने चार वर्षांनी ‘संत ज्ञानेश्वर’ केला. त्यात चमत्कार अधिक आहेत आणि तंत्राच्या दृष्टीने ते अधिक सफाईदारही आहेत. भिंत चालते ते दृश्य आजही लोक आठवतात. तरीही हा चित्रपट मला ‘तुकाराम’च्या जवळपासही पोचलेला वाटत नाही. कारण इथे समोरच्या बाजूला छळ करणारे कर्मठ आहेत आणि त्यांच्यापाशी प्रश्न नाही, नुसता दुष्टपणा आहे. दुष्टाला हरवल्याने देव मोठा ठरत नाही. जिजाईसारखं कष्टाने पिचलेलं, बरोबर बोलणारं माणूस समोर उभं केलं, तरच भक्ताचा कस लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हा शहरी, शिकल्यासवरल्या प्रेक्षकाचा निकष आहे. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून चित्रपटगृहात शिरले, पडद्यावर फुलं-पैसे उधळले गेले. रामानंद सागरांचं ‘रामायण’ १९८७ च्या जानेवारीपासून दूरदर्शनवर सुरू झालं आणि रविवारी सकाळी दूरदर्शन संचाला हार घातले गेले, उदबत्ती ओवाळली गेली. त्या लोकांना कुणा संशयी पात्राची गरज पडली नाही, मग माझ्यासारख्याला का पडावी? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्या श्रद्धेत खोटं काही नव्हतं. पण तिथे जे घडत होतं ते दर्शन होतं. भाव प्रेक्षक घरून घेऊन आला होता आणि पडद्याने मूर्तीचं काम केलं. मूर्ती ओबडधोबड असली तरी पूजा उणी पडत नाही, तसंच इथेही झालं. त्या भावाबद्दल मला आदरच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. जो भाव घेऊन आलेला नाही, किंवा ज्याचा भाव डगमगला आहे, त्याला ही कलाकृती काय देते? आणि भक्तालासुद्धा, ज्याचं पोर तापाने फणफणलं आहे त्या भक्ताला, ती काय देते?

शिवाय संशयाला जागा देणं हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही. वाल्मीकि रामायणात वनवासात असलेल्या रामापुढे जाबालि परलोक वगैरे काही नाही असा सरळ युक्तिवाद मांडतो. राम रागावतो, पण वाल्मीकींनी तो युक्तिवाद ग्रंथातून गाळलेला नाही. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला विचारते की, धर्माने वागणाऱ्याच्या वाट्याला हे भोग का यावेत, आणि विधाता माणसांशी खेळण्यांसारखा वागतो असा आरोपही करते. युधिष्ठिर तिला हे नास्तिकाचं बोलणं आहे म्हणून बजावतो, पण तिचं बोलणं ऐकून घेतल्यावरच. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेतला द्यूतसभेचा भाग इतक्या वर्षांनीही अंगावर येतो तो याच कारणाने. राही मासूम रझांनी लिहिलेल्या संवादांत रूपा गांगुलींची द्रौपदी आधी कायद्याचा प्रश्न विचारते: स्वतःला हरून बसलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठला? भीष्म निरुत्तर होतात. न संपणारं वस्त्र नंतर येतं, आणि तोवर प्रेक्षकाला कळलेलं असतं की सभेतल्या एकाही शहाण्याकडे उत्तर नव्हतं. वस्त्राचा चमत्कार तिची लाज राखतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही, आणि मालिकाही ते दिल्याचा आव आणत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येईल. संशयालाच मान द्यायचा तर श्रद्धेची थट्टा करणारे चित्रपट सर्वांत श्रेष्ठ ठरतील. तसं होत नाही, कारण न्याय दोन्हीकडे लागतो. २०१२ च्या ‘ओह माय गॉड’चं उदाहरण घेऊ. भूकंपात दुकान कोसळतं, विमा कंपनी देवाची करणी म्हणून हात वर करते आणि मूर्ती विकणारा कांजीभाई थेट देवावर दावा ठोकतो. कल्पना अस्सल आहे आणि परेश रावल यांनी ती ताकदीने उभी केली आहे. पण थोड्याच वेळात मोटारसायकलवरून खुद्द कृष्ण येतो आणि शेवटी कांजीभाईला आजारातून उठवतो. देव पात्र म्हणून हजर झाला की कांजीचा प्रश्न संपतोच. प्रेक्षकाला उत्तर आधीपासून दिसत असतं. दुसरीकडे त्या चित्रपटातले भक्त आणि बाबा इतके उथळ आहेत की त्यांच्या श्रद्धेत कुणाला काही सापडलं असेल, असं वाटतच नाही. म्हणजे कांजीवरही अन्याय आणि भाविकावरही.

सत्यजित राय यांनी १९६० च्या ‘देवी’त हा तोल किती अवघड जागी सांभाळला आहे ते पाहावं. एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधला जमीनदार कालीकिंकर स्वप्न पाहतो की, आपली धाकटी सून दयामयी ही साक्षात काली आहे. तिला चौरंगावर बसवून तिची पूजा सुरू होते. कलकत्त्यात शिकणारा नवरा उमाप्रसाद धावत येतो, वडिलांशी वाद घालतो. आणि नेमकं तेव्हाच तिच्या चरणतीर्थाने एक गरीब मरणासन्न मूल बरं होतं. राय त्याचं कारण सांगत नाहीत. सांगितलं असतं तर चित्रपट अंधश्रद्धेवरचं भाषण झाला असता. पुढे तेच तीर्थ घरच्या पुतण्याला वाचवू शकत नाही. पण माझ्या मते चित्रपटाचा गाभा आहे तो नदीकाठच्या प्रसंगात. नवरा तिला रात्री पळवून नेत असतो, काठावर विसर्जित मूर्तीचा उरलासुरला सांगाडा पडलेला असतो, तो पाहून सतरा वर्षांची ती मुलगी थबकते. आपण खरंच देवी असलो तर? हा संशय श्रद्धेच्या बाजूने आलेला आहे. उमाप्रसादच्या शहाणपणाकडे त्यावर उत्तर नाही, सासऱ्याच्या भक्तीकडे तर नाहीच. शर्मिला टागोर यांच्या चेहऱ्यावरची ती भीती पाहिल्यावर धर्माच्या बाजूने किंवा विरोधात झटपट मत देणं कुणालाही अवघड जावं.

क्रिश्तोफ किश्लोव्स्कीने पोलंडच्या दूरदर्शनसाठी केलेली ‘डेकालॉग’ ही दहा भागांची मालिका बायबलमधल्या दहा आज्ञांभोवती फिरते. पहिल्या भागातला बाप प्राध्यापक आहे. संगणकावर हिशेब करून तो ठरवतो की, तळ्यावरचा बर्फ आपल्या पोराचं वजन पेलेल. रात्री जाऊन स्वतःच्या पायांनी तपासूनही येतो. तरी बर्फ फुटतो आणि मुलगा बुडतो. इथे आक्षेप घेता येईल की, हा तर नास्तिकाला दिलेला दंड झाला. हा धोका खरा आहे आणि त्याला किश्लोव्स्की अगदी काठावरून चुकवतो, असं मला वाटतं. चुकवतो तो एका आधीच्या दृश्यामुळे. मुलगा भाविक आत्याला देव म्हणजे काय ते विचारतो, ती त्याला कुशीत घेते आणि विचारते की आता काय वाटतंय. तिच्याकडे याहून मोठं उत्तर नाही, आणि मूल गेल्यावर तर तेही उरत नाही. हिशेब करणारा बाप आणि प्रार्थना करणारी आत्या, दोघंही तळ्याकाठी हतबल होतात. मग बाप अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये जाऊन वेदी उलथवतो, मेणबत्त्यांचं मेण मेरीच्या चित्रावर ओघळतं. त्याला आसवं म्हणायचं की मेण, हे प्रेक्षकावर सोडलं आहे.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात अवघड जाणारा चित्रपट मात्र डेन्मार्कचा आहे: कार्ल ड्रेयरचा ‘ऑर्डेट’, १९५५ सालचा. यात शेवटी मेलेली बाई खरोखर उठते. ना स्वप्न, ना संदिग्धता. मूळ नाटक काय मुंक या पाद्र्याचं, ज्याला १९४४ मध्ये गेस्टापोने ठार मारलं. एवढा उघड चमत्कार दाखवूनही हा चित्रपट स्वस्त का वाटत नाही? कारण ड्रेयरने मिकेल या देव न मानणाऱ्या नवऱ्याचं दुःख सर्वांत वर ठेवलं आहे. बायको इंगरचं शव समोर आहे, म्हातारा बाप समजूत घालतो की तिचा आत्मा इथे नाही, आणि मिकेल म्हणतो की माझं तिच्या देहावरही प्रेम होतं. गावातल्या भाविकांचे दोन पंथ एकमेकांशी भांडत बसले होते, सोयरीक मोडायला निघाले होते, तेव्हा या घराला बांधून ठेवलं होतं ते इंगर आणि मिकेलच्या संसाराने. म्हणून जोडलेल्या हातांची बोटं हळूहळू हलतात आणि ती उठून नवऱ्याला बिलगते, तेव्हा जे परत मिळतं ते मिकेलने मागितलेलंच असतं: तिचा देह, तिचं ओठ टेकणं. धर्माने इथे नास्तिकाची अट मान्य केली आहे. हा चमत्कार मला मान्य करावासा वाटतो आणि तो मान्य केल्याने माझा निकष ढासळत नाही.

आता मराठी वाहिन्यांवरच्या संतचरित्रांच्या मालिकांकडे वळलं की खेद होतो. त्यांत शंका काढणारा माणूस बहुधा लबाड असतो किंवा मत्सरी, आणि भाग संपता संपता त्याने पायावर डोकं ठेवायचंच असतं. रोज वीस मिनिटं भरायची तर असं करावं लागतं, असं समर्थन ऐकू येतं. पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेइतका वेळ जगात दुसऱ्या कुठल्या कलाप्रकाराकडे आहे? दामले-फत्तेलालांना दोन तासांत जे जमलं, त्यासाठी इथे शेकडो भाग मोकळे आहेत. संताच्या घरातली बायको, उपाशी राहिलेला भाऊ, कर्ज बुडालेला सावकार, पोर गेलेली शेजारीण यांना एक अख्खा आठवडा द्यावा आणि त्यांच्या प्रश्नाला भागाच्या शेवटी चमत्काराने गप्प करू नये. भाविक प्रेक्षक अशाने दुखावेल, ही भीती मला निराधार वाटते. देवाशी कसं भांडावं हे त्याला कुणी शिकवायची गरज नाही. पंढरीच्या वाटेवर आणि घरच्या देव्हाऱ्यापुढे तो ते रोज करतो.